हंडी किती उंच, गोविंदा किती लहान

१० ऑगस्ट २०१२, गोपाळकाल्याचा दिवस. ठाण्याच्या वर्तकनगरात संस्कृती युवा प्रतिष्ठानच्या हंडीखाली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले. मोजणाऱ्यांनी उंची नोंदवली १३.३४ मीटर, फुटांत सांगायचं तर ४३.७७. गिनेस बुकात १९८१ पासून स्पेनमधल्या एका मनोऱ्याचं नाव होतं. ते खाली गेलं आणि तिथे ठाणे आलं. रेमंडची गिरणी, जेकेग्राम, उपवनचा तलाव आणि गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारती अशी ज्या भागाची ओळख सांगितली जायची, त्याला आणखी एक खूण मिळाली. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना 'हंडी होते ते वर्तकनगर' एवढं पुरू लागलं.

दोन वर्षं आणि एक दिवस गेला. ११ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हंडीची कमाल उंची ठरवून दिली: २० फूट.

विक्रमाच्या निम्मीसुद्धा नाही. या दोन आकड्यांच्या मध्ये आणि त्यांच्या नंतर जे घडलं, तो एका सणाचा इतिहास आहे आणि तितकाच कायद्याचाही. माणसांच्या वागण्याला कायदा वळण लावतो असं आपण म्हणतो. ते वळण कुठे बसतं, कुठे बसत नाही आणि का, हे दहीहंडीइतकं उघड्यावर क्वचितच पाहायला मिळतं. हजारो लोकांसमोर, कॅमेऱ्यांसमोर, पोलिसांच्या बंदोबस्तात नियम पाळला जातो किंवा मोडला जातो, आणि दोन्हींचा निकाल तिथल्या तिथे, सहाव्या किंवा नवव्या थरावर लागतो.

दहीकाला कोकणाला जुना. देवळाच्या अंगणात कीर्तन-भजन, मग काला, आणि हाताच्या टप्प्याहून थोडी वर बांधलेली हंडी. गोव्यात माशेलला आषाढात चिखलकाला होतो. तिथे सगळी मजा चिखलात खेळण्याची, उंचीची नाही. कोकणातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत कामाला आली, गिरणगावच्या चाळींत राहिली आणि काला त्यांच्यामागोमाग आला. चाळीत हंडीची उंची कोणी माणूस ठरवत नसे, इमारत ठरवत असे. समोरासमोरच्या गॅलऱ्यांच्या कठड्यांना दोर बांधायचा. कठडा दुसऱ्या मजल्याचा तर हंडी दुसऱ्या मजल्याला, तिसऱ्याचा तर तिसऱ्याला. दोर बांधणाऱ्याला थरातला प्रत्येक जण नावाने ठाऊक असे. पोरगा घसरला तर जाब विचारायला त्याची आई त्याच गॅलरीत पाण्याची बादली घेऊन उभी. लेखी नियमाचं काम तिथे ओळखच करत होती.

ठाण्यात टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांनी हंडी सुरू केली आणि तिने शहराला या सणाची मोठी सवय लावली. पुढे पाचपाखाडी, नौपाडा, वर्तकनगर अशी एकेका नेत्याच्या प्रतिष्ठानाची हंडी उभी राहिली. मैदान आलं, व्यासपीठ आलं, वाहिन्यांच्या गाड्या आल्या. दोर कठड्यावरून सुटला आणि क्रेनच्या आकड्याला लागला. क्रेनला मजले नसतात. ती जितकी लांब तितकी हंडी वर. फोडण्यापेक्षा सलामीला महत्त्व आलं: पथकाने यायचं, थर लावायचे, वरच्याने हात उंचावायचा, सगळ्यांनी सुखरूप उतरायचं आणि थरांच्या हिशेबाने बक्षीस घेऊन पुढच्या हंडीकडे धावायचं. दिवसभरात ट्रक आणि दुचाक्यांवरून मुंबई-ठाण्याची अशी वारी करणाऱ्या पथकाला आयोजक ओळखत नाही आणि आयोजकाला पथकातल्या मुलाचं घर माहीत नाही. चाळीतला दोर जी जबाबदारी आपोआप बांधत होता, ती क्रेनने सोडवली. तिथे कायद्याला पाऊल टाकावं लागलं, आणि ते त्याने उशिरा टाकलं, असंच म्हणावं लागेल.

कायदा ठाण्याला नवा नव्हता. शहराच्या मध्यावर असलेलं मध्यवर्ती कारागृह हा पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातून निसटले. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी झाली. हा कायद्याचा सर्वांत कठोर चेहरा, आणि तो ठाणेकरांनी भिंतीपलीकडून का होईना, पिढ्यानपिढ्या पाहिला आहे. पण कायद्याचं रोजचं काम भिंतीच्या आत कमी आणि बाहेर, रस्त्यावर, जास्त चालतं.

मुंबई इलाख्याला लेखी फौजदारी नियम इतर प्रांतांच्या मानाने लवकर मिळाले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत १८२७ सालची नियमावली तयार झाली, तिचा १४ वा विनियम गुन्हे आणि शिक्षांचा होता. पुढे मेकॉलेच्या विधी आयोगाने साऱ्या हिंदुस्थानासाठी मसुदा केला. तो वीसहून अधिक वर्षं पडून राहिला आणि १८५७ चा उठाव शमल्यावर, १८६० मध्ये, भारतीय दंड संहिता म्हणून मंजूर झाला. १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली आणि ३० जून २०२४ पर्यंत चालली. एवढ्या काळात राज्यकर्ते बदलले, देश बदलला, हंडीची उंची बदलली. कलमांचे आकडे मात्र लोकांच्या तोंडी तेच राहिले. 'तीनशे दोन' आणि 'चारशे वीस' समजायला मराठी माणसाला वकील लागला नाही.

या संहितेत दहीहंडी हा शब्द कुठेही नाही. तरी हंडीचा सगळा वाद तिच्यात आधीच लिहिलेला आहे, आणि तो ८७ व्या कलमात आहे. अठरा वर्षांवरच्या माणसाने स्वतःच्या संमतीने एखाद्या कृत्यातला धोका पत्करला, त्या कृत्यात जीव घेण्याचा किंवा जबर दुखापतीचा हेतू नव्हता आणि तसं होण्याची शक्यता करणाऱ्याला माहीत नव्हती, तर झालेल्या इजेचा गुन्हा होत नाही. संहिता लिहिणाऱ्यांनी याला उदाहरण दिलं ते खेळाचं: दोघांनी करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायचं ठरवलं आणि नियमाने खेळताना एकाला लागलं, तर दुसरा गुन्हेगार नाही. म्हणजे खेळातला धोका कायद्याने पहिल्या दिवसापासून मान्य केला होता. त्याने फक्त एक अट घातली, ती वयाची. त्याच संहितेचं ९० वं कलम सांगतं की बारा वर्षांखालच्या मुलाची संमती ही सर्वसाधारणपणे संमतीच नव्हे.

बारा आणि अठरा. दीडशे वर्षांनी हंडीचा खटला याच दोन आकड्यांमध्ये हेलकावे खाणार होता.

उंचीचा आकडा मात्र संहितेत नाही, आणि तो असणं शक्यही नव्हतं. फौजदारी कायदा माणसाच्या हेतूकडे, निष्काळजीपणाकडे, संमतीकडे बघतो; फुटपट्टी घेऊन उभं राहणं हे त्याचं काम नाही. हा फरक पुढच्या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचं ३०४अ हे कलमसुद्धा मूळ संहितेत नव्हतं. ते १८७० मध्ये जोडलं गेलं. मारायचा हेतू नव्हता, पण काळजीही घेतली नाही, अशा माणसाचं काय करायचं, या प्रश्नाला उत्तर देणारं हे कलम हंडीच्या आयोजकाला सर्वांत जवळचं होतं.

शिक्षा करणारी संहिता एकीकडे आणि परवानगी देणारा पोलीस कायदा दुसरीकडे. १८६१ चा पोलीस कायदा, मग मुंबई इलाख्याचा १८९० चा जिल्हा पोलीस कायदा आणि त्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. मिरवणूक कुठून जाईल, वाद्यं कुठे वाजतील, रस्त्यावर गर्दी किती वेळ थांबेल हे ठरवण्याचे अधिकार यातून येतात. मंडळाचा कार्यकर्ता 'पोलीस स्टेशनचं पत्र मिळालं का' असं विचारतो तेव्हा तो या कायद्याविषयीच बोलत असतो. हमीपत्रावर सही करायची, अटी वाचल्यासारखं करायचं आणि मंडपाच्या कामाला लागायचं, ही अनेक वर्षांची रीत. अटी छापील असत. त्या मोडल्यावर काय होतं, हे फारसं कोणी अनुभवलेलं नसे.

२०१४ च्या पावसाळ्यात हे बदललं. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात नवी मुंबईतल्या सानपाड्याला सराव करताना १४ वर्षांचा मुलगा वरून पडून गेला. सराव म्हणजे गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सुरू होणारी ती रात्रीची मेहनत. तिथे ना वाहिन्या, ना बक्षीस, ना बहुतेक वेळा गादी. स्वाती पाटील यांची याच विषयावरची जनहित याचिका त्या वेळी उच्च न्यायालयासमोर होती. न्यायमूर्ती विद्यासागर कानडे आणि प्रमोद कोदे यांच्या खंडपीठाने ११ ऑगस्टला आदेश दिला: अठरा वर्षांखालच्या कोणालाही थरात घ्यायचं नाही, हंडी २० फुटांवर जाता कामा नये, खाली गाद्या हव्यात, डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगाला सुरक्षा पट्टा हवा.

सण आठवड्यावर आला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ ऑगस्टला आदेश स्थगित झाला. मात्र बारा वर्षांखालच्या मुलांना वर चढवायचं नाही, एवढी मर्यादा राहिली. अठरावरून बारा, तीन दिवसांत. गोविंदा पथकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि त्या वर्षी थर पूर्वीसारखेच लागले.

पुढच्या वर्षी सरकारने दुसरी वाट काढली. ऑगस्ट २०१५ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. खेळ म्हटलं की नियम आपसूक येतात, असा यामागचा युक्तिवाद. तो चुकीचा नव्हता, पण अर्धवट होता. गिर्यारोहणाला संस्था असतात, प्रशिक्षक असतात, दोराची ताकद तपासण्याच्या पद्धती असतात. हंडीला यातलं काही न देता फक्त नाव दिलं गेलं.

मग २०१६ आलं, आणि ठाणे पुन्हा मध्यभागी.

१७ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उच्च न्यायालयाची बंधनं या वर्षी लागू राहतील: अठरा वर्षं आणि २० फूट, दोन्ही. जय जवान पथक शिथिलता मागायला दिल्लीला गेलं. वर्तकनगरच्या विक्रमाचा मुद्दा तिथे निघाला, तेव्हा या खेळाने ऑलिंपिकचं पदक आणलं आहे का, आणलं तर आनंदच होईल, अशा अर्थाचा प्रश्न न्यायपीठाने विचारला. रिओचं ऑलिंपिक नुकतंच संपलं होतं. हा प्रश्न गोविंदांना लागला. डोंबिवली, दिवा, जोगेश्वरी, लालबागच्या वस्त्यांतून नोकरी करून, उपाशीपोटी रात्री सराव करणाऱ्या मुलांना आयुष्यात मिळालेला सर्वांत मोठा मान म्हणजे तो विक्रम होता, आणि न्यायालयाच्या तराजूत त्याला वजन मिळालं नाही.

२५ ऑगस्टला, काल्याच्या दिवशी, मुंबई-ठाण्यात या आदेशाला मिळालेली उत्तरं त्या पिढीच्या लक्षात राहतील अशी होती. बऱ्याच मंडळांनी निमूट चार थर लावले. दादरला एका पथकाने रस्त्यावर आडवं झोपून नऊ थर 'रचले': उंची शून्य, नियम शाबूत, निषेध पुरा. ठाण्यात नौपाड्याला एका राजकीय पक्षाने मात्र कायदा मोडणार असं आधीच जाहीर करून हंडी ४० फुटांवर नेली, तशा अर्थाचे टी-शर्ट छापले आणि नऊ थर उभे केले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

पुढे काय झालं, याला फौजदारी प्रक्रियेतली एक बारीक मेख कारण आहे. लोकसेवकाने काढलेला आदेश मोडला तर कलम १८८ लागायचं. जुन्या संहितेत त्याची साधी शिक्षा एक महिन्याची कैद किंवा २०० रुपये दंड. जिवाला धोका झाला तर सहा महिने किंवा हजार रुपये. शिवाय न्यायालय या कलमाची दखल घ्यायचं ती संबंधित अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार केली तरच. लाखोंचं बक्षीस जाहीर करणाऱ्या मंडळाला २०० रुपयांचं भय कसलं? १८६० मध्ये २०० रुपये ही जरब बसवणारी रक्कम होती; आकडा तिथेच थांबला आणि जरब विरली. कायदा मोडणं ही गोष्ट तेव्हा धाडसाची राहत नाही, जाहिरातीची होते. २०१६ च्या ठाण्यात नेमकं तेच झालं, आणि त्यात सर्वांत जास्त धोका टी-शर्ट छापणाऱ्यांनी नव्हे, थरातल्या मुलांनी घेतला.

त्याच ऑगस्टमध्ये ठाण्याशी निगडित आणखी एक निकाल आला. त्याची चर्चा कमी झाली, परिणाम मात्र खोल आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी उत्सवांतल्या ध्वनिवर्धकांविषयी आणि रस्ते अडवणाऱ्या मंडपांविषयी केलेल्या जनहित याचिकेवर न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने सविस्तर निकाल दिला. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रुग्णालय-शाळा-न्यायालयाभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र. ध्वनिवर्धक वाजवणं हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही आणि मूलभूत हक्कही नाही, असं त्या निकालाने सांगितलं. हंडीच्या उंचीचा वाद थरात उभं राहणाऱ्यांचा होता. हा वाद घरात झोपलेल्या म्हाताऱ्यांचा, बाळंतिणींचा, परीक्षेला बसलेल्या मुलांचा होता. त्यांनी कुठल्याही हमीपत्रावर सही केलेली नव्हती. कायद्याची खरी कसोटी इथे लागते. स्वतःच्या मर्जीने धोका घेणाऱ्या प्रौढाला तो एका मर्यादेपर्यंत मोकळं सोडू शकतो. ज्याला विचारलंच नाही, त्याच्या बाजूने उभं राहणं त्याला टाळता येत नाही.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे पाठवलं. ७ ऑगस्टला न्यायमूर्ती भूषण गवई आणि मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठासमोर सरकारने निवेदन केलं की चौदा वर्षांखालच्या मुलांना थरात घेतलं जाणार नाही. हा चौदाचा आकडा २०१६ मध्ये सुधारलेल्या बालमजुरी कायद्यातून उचलला होता. न्यायालयाने तो स्वीकारला आणि उंचीबाबत सांगितलं की ती ठरवणं हे विधिमंडळाचं काम आहे, न्यायालयाचं नाही.

वीस फूट तिथे संपले. कागदावर तीन पावसाळे त्यांची ये-जा चालली. प्रत्यक्षात त्यांचा अंमल फक्त एका वर्षीच्या सणात झाला.

चौदा वर्षं मात्र टिकली. का टिकली, याचा विचार करण्यासारखा आहे. उंची निम्म्यावर आणणं म्हणजे पथकांच्या लेखी खेळच काढून घेणं होतं. सहाव्या थराला पोचण्यासाठी दोनशे माणसं वर्षभर जे शिकतात, ते २० फुटांत दाखवायला जागाच नाही. वयाची अट खेळ काढत नाही. ती 'एक्का' बदलते. एक्का म्हणजे सर्वांत वरचा. तो जितका हलका तितका खालच्यांचा खांदा सुखी, म्हणून पूर्वी सहा-सात वर्षांचं पोर वर चढायचं. चौदाचा एक्का घ्यायचा तर खालचे सगळे हिशेब नव्याने मांडावे लागतात: दुसऱ्या थरावर कोण, मधल्या तिघांची उंची किती, पायाला किती माणसं. पथकांनी ते मांडले, बऱ्याच ठिकाणी कुरकुरत, काही ठिकाणी पळवाटा शोधत. जो नियम खेळाच्या आत शिरून एक माणूस बदलतो तो चालतो. जो बाहेरून खेळ अर्धा कापतो तो चालत नाही.

महाराष्ट्राला याचा अनुभव आधीपासून आहे. गावोगावच्या जत्रांत नवस फेडणाऱ्याच्या पाठीत लोखंडी गळ टोचून त्याला उंच लाकडावर टांगून फिरवत. इंग्रजी अमलात गळावर बंदी आली. वाई तालुक्यात बावधनचं बगाड रंगपंचमीला आजही निघतं, हजारो लोक जमतात, बगाड्या वर चढतो, पण त्याला दोरांनी आणि कापडाने बांधतात. गळ गेला, खांब राहिला. बैलगाडा शर्यतींचंही तसंच: २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. चाबूक आणि काठी यांवर अट आली, शर्यत राहिली.

सातासमुद्रापलीकडे तर हंडीचं जुळं भावंड आहे. स्पेनच्या कातालोनिया प्रांतात 'कास्तेल' नावाचे मानवी मनोरे दोन शतकांहून अधिक काळ लागतात. वर्तकनगरने मोडलेला १९८१ चा विक्रम तिथल्याच वाल्स गावचा. २०१० मध्ये युनेस्कोने कास्तेलला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथेही सर्वांत वर चढतं ते लहान मूलच. २००६ मध्ये मातारो शहरातल्या एका पथकाची मुलगी पडून गेली. त्यानंतर वरच्या मुलांसाठी खास शिरस्त्राण तयार झालं आणि ते पथकांनी स्वतःहून घातलं. तिथल्या पथकांची एक समन्वय संस्था १९८९ पासून आहे. ती विमा बघते, अपघातांचा अभ्यास करवते. न्यायालयाने फुटांचा आकडा देण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही, कारण आकडे मोजायला त्यांनी स्वतःच सुरुवात केली होती. ठाण्यातल्या कोणा आयोजकाने हे पाहून यावं, एवढं ते शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडे ते काम शेवटी सरकारला करावं लागलं. १८ ऑगस्ट २०२२ रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत दहीहंडीला खेळाचा दर्जा जाहीर केला. शिंदे ठाण्याचेच, टेंभी नाक्याच्या हंडीखाली त्यांचं राजकारण वाढलं. मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये, जखमींना दुखापतीप्रमाणे मदत आणि सरकारी रुग्णालयात मोफत उपचार अशी घोषणा झाली. दुसऱ्याच दिवशी सण होता. विलेपार्ल्यात एक तरुण गोविंदा थरावरून पडला आणि तीन दिवसांनी गेला. आयोजकावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा लागला. १८७० मध्ये जोडलेलं ते कलम १५२ वर्षांनी उपनगरातल्या एका रस्त्यावर हजर झालं.

२०२३ पासून विमा सरकारी खर्चाने होऊ लागला: पहिल्या वर्षी ५० हजार गोविंदांचा, २०२४ मध्ये ७५ हजारांचा, २०२५ मध्ये दीड लाखांचा. विम्याने जे केलं ते आदेशाला जमलं नव्हतं. पथकाला यादी करावी लागली. कोण, कुठला, किती वर्षांचा, हे सणाच्या आधी कागदावर उतरलं. चाळीतल्या गॅलरीला जे पाठ होतं ते आता अर्जाच्या रकान्यात भरावं लागतं. ही लहानशी गोष्ट वाटेल, पण ज्याचं नाव आणि वय लिहिलेलं आहे, त्याच्याविषयी नंतर 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणता येत नाही. मोठ्या हंड्यांवर वरच्या गोविंदाला क्रेनवरून सोडलेल्या दोराने बांधण्याची पद्धतही याच वर्षांत पक्की झाली. ज्या क्रेनने उंची वाढवली, तीच आता वरच्याला धरून ठेवते.

१ जुलै २०२४ पासून जुनी संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तोंडपाठ आकडे बदलले. हंडीशी संबंधित कलमांचं सांगायचं तर ८७ चं २५ झालं, १८८ चं २२३, ३०४अ चं १०६. अठरा वर्षांची अट तशीच राहिली. आदेश मोडण्याचा दंड २०० वरून २,५०० रुपयांवर गेला, कैद सहा महिन्यांपर्यंत. जिवाला धोका असेल तर एक वर्ष किंवा ५,००० रुपये. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाचवर आली. २,५०० रुपयांनी कोणाची झोप उडणार नाही. पाच वर्षांनी उडायला हवी.

१० ऑगस्ट २०२५ च्या रात्री दहिसरच्या केतकीपाड्यात सराव चालू होता. सहाव्या थरावरून ११ वर्षांचा मुलगा पडला आणि गेला. अकरा: चौदाच्या आत, आणि संहितेच्या मूळ बाराच्याही आत, जिथे मुलाची संमती ही संमतीच नव्हे. मंडळाच्या अध्यक्षावर नव्या संहितेखाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला. विमा होता, नियम होता, आठ वर्षं जुनं निवेदन होतं. त्या गल्लीत त्या रात्री यातलं काहीच पोचलं नव्हतं. पोलिसांची परवानगी सणाच्या दिवसाची असते, बंदोबस्तही त्याच दिवसाचा. सरावाच्या चाळीसेक रात्री मोकळ्या राहतात, आणि सानपाडा काय किंवा दहिसर काय, दोन्ही मुलं अशाच रात्रींनी नेली. वयाचा नियम तपासायचा असेल तर तो मैदानावरच्या व्यासपीठाजवळ तपासून उपयोग नाही. गुरुपौर्णिमेपासून गल्लीत उभं राहावं लागेल.

सहा दिवसांनी, १६ ऑगस्टला, वर्तकनगरच्या महापालिका शाळेच्या मैदानात जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने दहा थर लावले. तेरा वर्षांपूर्वीचा नऊ थरांचा टप्पा मागे पडला. त्याच दिवशी जय जवाननेही दहा थर लावले. दहावा थर उभा राहिला तेव्हा मैदानाचा श्वास काही क्षण थांबला आणि मग आवाज असा उठला की पोखरण रस्त्यावर वाहनं थबकली असतील. ही मुलं, हा तोल, शेकडो खांद्यांनी एकमेकांवर ठेवलेला हा विश्वास पाहून ज्याचा ऊर भरून येणार नाही तो मराठी माणूस विरळा.

त्याच दिवशी मुंबईत मानखुर्दला एक जण हंडीचा दोर बांधताना पहिल्या मजल्यावरून पडून मरण पावला. तो थरात नव्हता. उंचीच्या किंवा वयाच्या कुठल्याही नियमात तो बसत नव्हता, आणि पहिल्या मजल्याची ती उंची २० फुटांच्याही आतलीच.